पाळी कुणाच्या खात्यात येते?

मला सांगा, तुमची मुलगी तुम्हाला म्हणाली, "आई, माझी पाळी चुकली," तर तुम्ही कुणाकडे जाल? डॉक्टरकडे ना? मी मुकादमाकडे गेले! हसू नका... म्हणजे हसा, अख्खा कारखाना हसला, तुम्हीच कशाला मागे राहता, मला काही वाटत नाही.

अहो, पण माझंही ऐकून घ्या! आम्ही दोघी मायलेकी कपडे धुण्याच्या कारखान्यात. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे पडदे, टॉवेल, अभ्रे, सगळं येतं. मी एकोणीस वर्षं इस्त्रीच्या रुळावर, चादर आत सरकवायची, पलीकडून वाफाळती निघाली की उचलायची, नव्या मुली ओरडतात, "मावशी, हात भाजेल!" आणि मी आपली उचलते, बोटं केव्हाच बधिर झालीत, मला काही वाटत नाही. तर कारखान्यात असतात पाळ्या! पहिली पाळी, दुसरी पाळी, मुकादम दर आठवड्याला फळ्यावर लिहितो कुणाची कुठली. लेक घडीच्या टेबलावर आहे, तिला सारखी दुसरीच लागायची. आणि ते बायकांचं जे असतं, त्याला माझी आई 'अडचण' म्हणायची, मीही 'अडचण'च म्हणते. मग लेक 'पाळी' म्हणाली तर माझ्या डोळ्यांपुढे फळाच येणार ना?

पहिल्यांदा भांडी विसळता विसळता म्हणाली, "आई, या महिन्यात माझी पाळी आलीच नाही गं." मी धरून चालले, हिला पहिली पाळी हवीय. म्हटलं, "येईल की! दुसऱ्या कुणाला दिली असेल." ती माझ्याकडे बघतच राहिली. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच, "अजून नाही आली." मी म्हटलं, "तू गप्प बसतेस म्हणून. तोंड उघडून मागावी लागते!" आता बिचारी काय समजली असेल? दोन दिवस देवापुढे हात जोडून उभी होती, आणि मला वाटलं, वा, पोरगी देवभोळी झाली.

इकडे पहिल्या महिन्यापासूनच तिचं वजन वाढायला लागलं होतं, कपडे घट्ट, तोंडावर मुरमं, आणि हनुवटीवर केस, आरशापुढे चिमटा घेऊन बसायची. मी म्हणायचे, "नटणं पुरे, काम कर." आणि मान! मानेमागे काळा पट्टा. आता मी कोण? शाईचा डाग आणा, गंजाचा आणा, रक्ताचा आणा, काढून देते. आणि पोटच्या पोरीच्या मानेवरचा मळ मला निघू नये? दर रविवारी तिला मोरीत बसवायची आणि घासायची, आधी साबण, मग काथ्या, मग कॉलरींचा ब्रश...

"आई, हळू गं."

"हळू घासून मळ निघतो होय? अंघोळ धड करायला नको, आळशी कुठली!"

मान लाल व्हायची. दोन दिवसांनी पुन्हा काळी. चार महिने घासली मी.

मग एक दिवस ती रडायलाच लागली. "चार महिने झाले आई, माझी पाळी चुकतेय, तू काहीतरी कर ना!" झालं! माझं डोकं फिरलं. माझ्या लेकीवर अन्याय? तडक मुकादमापुढे उभी राहिले, यंत्रांचा धडधडाट, म्हणून ओरडून बोलले, आणि नेमकी जेवणाची घंटा होऊन यंत्रं थांबली, आणि त्या शांततेत माझा आवाज, "मुकादम! माझ्या मुलीची पाळी चार महिने चुकतेय, तुम्ही करताय काय?"

मुकादमाच्या हातातला खडू पडला. "बाई... ते माझ्या खात्यात येत नाही."

"येत कसं नाही? सगळ्यांच्या पाळ्या तुमच्याच हातात ना?"

"अहो हळू बोला! मला बायको आहे!"

"असेल! तिलाही लावा हवं तर कामाला, पण माझ्या मुलीचं काय ते आज ठरवा!"

कपडे सुकवायच्या यंत्रावरच्या बाईने माझा दंड धरून मला बाजूला ओढलं. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी. "अगं बये, ही पाळी नव्हे ती! अडचण. पोरीची अडचण!"

सगळे हसत होते. मला काही वाटलं नाही. नुसतं एवढंच आलं डोक्यात, की पोरगी चार महिने मला सांगत होती.

मग डॉक्टरबाई. त्यांनी विचारलं, "पाळी साधारण किती दिवस असते?" माझ्या तोंडावर आलं होतं, आठ तास. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली, आणि म्हणाल्या, पीसीओएस. मला ती धुण्याच्या गठ्ठ्यावरच्या चिठ्ठीची अक्षरं वाटली. म्हणाल्या, स्त्रीबीजं पुरती वाढून बाहेर पडत नाहीत, म्हणून पाळी चुकते, त्यातूनच ते केस, ती मुरमं, ते वजन. पुष्कळ मुलींना असतं.

"आणि मानेवरचा मळ?"

"मळ नाही तो, आई. शरीरात इन्सुलिन वाढलं की कातडी अशी काळवंडते. घासू मात्र नका हं."

लेक खाली बघत होती. ब्रशाचं एक अक्षर बोलली नाही.

"बरी कधी होईल?"

"हे सांभाळायचं असतं. रोज पाऊण तास भरभर चालायचं, गोड कमी, झोप पुरी, गोळ्या आपल्या मनाने सोडायच्या नाहीत, आणि तारखा लिहून ठेवायच्या. आणि तिला आळशी म्हणू नका. तिचा काही दोष नाही."

आता मी आळशी म्हणते हे यांना कुणी सांगितलं?

घरी आल्यावर विचारलं, "दुखायचं का गं?"

"दुखायचं."

"मग ओरडली का नाहीस?"

"तू किती मन लावून घासायचीस, आई..."

मी तिच्या मानेवर हात ठेवला. आता कातडी मऊ आहे, खरखरीत आहे, गरम आहे, काहीतरी कळावं ना? एकोणीस वर्षांची बोटं ही. मला काही वाटलं नाही. तसाच ठेवला बराच वेळ. ती म्हणाली, "आई, तूही चलशील चालायला?" म्हटलं, "चलेन की."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी पाऊण तास चाललो, कारखान्यात पोचायला मला उशीर झाला, आणि मुकादमाने फळ्यावर माझ्या नावापुढे, सगळ्यांना दिसेल अशा ठळक अक्षरांत लिहिलं: पाळी चुकली.