आज सकाळपासून

डोळ्याच्या डॉक्टरला बॅटरी नंतर लागते, आधी प्रश्न लागतात, हे मी आजही छातीठोक सांगतो. सत्तर-बहात्तर साली महाल भागातल्या माझ्या दवाखान्यात उमरेडचे एक विणकर आले, शामराव. भिंत चाचपतच खुर्चीवर बसले.

"सारं धुकट दिसून राहिलं, डॉक्टरसाहेब."

"कधीपासून?"

"आज सकाळपासून."

एकाएकी नजर जाणं म्हणजे धोक्याची गोष्ट. साखर, रक्तदाब, डोळ्याला मार, सगळं विचारलं. यातलं काहीच नव्हतं. मोठ्या दवाखान्यात पाठवायच्या आधी मी एक शेवटचं विचारलं.

"हा चष्मा कधीपासून लावता?"

"आज सकाळपासून."

"म्हणजे?"

"व्याह्याचा आहे जी. मले मागावरचा धागा दिसत नाही, म्हणून निघालो. त व्याही म्हणे, येवढ्या मोठ्या डॉक्टरकडे बिनचष्म्यानं काहून जाता? माझा घाला."

मी चष्मा काढून घेतला. शामरावांनी समोरच्या तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ घडाघडा वाचली. धाग्यासाठी त्यांना जवळचा नंबर लिहून दिला आणि खुशीत पुढचा पेशंट बोलावला. तोही भिंत चाचपतच आला.

"तुम्हाला कधीपासून दिसत नाही?"

"व्याह्यायले चष्मा देला तवापासून."