चार तारखेची फाइल

हसू नका, मला अजून राग येतो. सत्त्याण्णव साली नगरला कॉलेजात होते. संस्थेच्या चेअरमनच्या भाच्यानं माझा पास्कल या कॉम्प्युटरच्या भाषेतला प्रोग्राम जसाच्या तसा उतरवला, आणि कॉपी केली म्हणून सरांनी शून्य दिलं ते मला! लई भडकले. तिथंच लॅबमध्ये बसून फाइलींची तारीख वाचणारा छोटा प्रोग्राम लिहिला आणि सरांना पडद्यावर दाखवलं, माझी फाइल चार तारखेची, त्याची सहा तारखेची.

सर म्हणाले, "तारीख काय, बदलता येते. तू बदलली असशील."

"मग त्यानं का नाही बदलली?"

"अगं, त्याला एवढं येत असतं तर त्यानं तुझं कशाला उतरवलं असतं?"

आपण काय बोलून गेलो, ते सरांनाही कळलं. तरी माझं शून्य त्यांनी खोडलं नाही.