कसरीने न खाल्लेली ओळ

दांडी तुटलेलं भिंग.
पाटाच्या तळाशी वाळलेलं शेवाळ.
मोडी लिहिणारा हात शब्दाशब्दाला उचलत नाही.
चौथी शाल अंगाला टोचते.
कसर नावाचा कागद खाणारा किडा. त्याला तोंड आहे, वाचा नाही.

मंडळी, या गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय? — आत्ता तरी काही नाही. टाळ जरा खाली ठेवा. आधी सांगा, खोटं बोलणं पाप. कबूल? वा, सगळ्या माना हलल्या! आणि खरं झाकणं? — आता का थांबल्या?

ऐका तर.

तापीच्या खोऱ्यातलं एक गाव. नाव विचारू नका, निम्म्यांचे सोयरे निघतील. नदीवर जुना दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, पाटावर शेतं. आणि पाटाच्या शेवटाला भिलवस्ती. यंदा पाणी कमी. ग्रामसभा बसली, ठराव झाला — वस्तीची पाळी बंद. हरभरा उभा वाळायला लागला. आधार काय, म्हणाल? पुस्तक!

पुस्तक भामरे सरांचं. निंबाजीराव भामरे, तालुक्याच्या कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेले, वय अठ्ठ्याहत्तर. त्यांनी या गावाचा अडीचशे वर्षांपूर्वीचा महजर छापला होता. महजर म्हणजे पंचांसमोर झालेला लेखी निवाडा. पाण्याची पाळी कुणाकुणाची, सगळं त्यात. वस्तीचं नाव नाही. फक्त एका ओळीच्या जागी सरांनी कंसात लिहिलेलं — ‘येथे कागद कसरीने खाल्ला आहे.’

मंडळी, खाल्ला नव्हता.

तिथे स्वच्छ लिहिलं होतं : ‘बंधारा भिलांनी घातला, सबब पहिली पाळी त्यांची.’ सरांनी ती ओळ तीनदा वाचली होती. पण ज्या पाटलांनी जुन्या कागदांचं दप्तर दिलं, ज्यांची पहिली पाळी त्या ओळीने गेली असती, त्यांच्याच अंगणात पुस्तकाचं प्रकाशन ठरलेलं. मांडव पडलेला, बुंदी पाडलेली. सर मनाशी म्हणाले, एकच तर ओळ. आणि आळ घातला किड्यावर. किडा काही हरकत घ्यायला येत नाही! — हसलात? हसा. सरांनाही तेव्हा बरं वाटलं होतं. एकतीस वर्षं बरं वाटत होतं.

आता गावातल्या शाळेत परिसंवाद भरला, दोन दिवसांचा. ‘इतिहास आणि आजचं पाणी’. अध्यक्ष भामरे सर. चौथी शाल, नारळ, सगळं झालं. वक्त्यांत डॉ. सुमन मालचे. बाई त्याच वस्तीवरची, सरांची विद्यार्थिनी. मोडी सरांकडेच शिकली.

सरपंच हिलाल अण्णा म्हणाले, “ताई, पुस्तकात नाही म्हणजे नव्हतं. इतिहास तुमच्या-आमच्या मर्जीवर चालत नाही.”

सुमन म्हणाली, “अण्णा, नव्हतं आणि वाचता येत नाही, यात फरक आहे. दुसरा कुणी असता तर पदरचे चार शब्द घालून मोकळा झाला असता. सरांनी घातले नाहीत. म्हणून माझा या पुस्तकावर भरवसा आहे.” मग सरांकडे वळली. “सर, भोकाच्या कडेला अर्धी अक्षरं उरली असतील. मूळ कागद एकदा बघू द्याल?”

बघा मंडळी, तिला शंका आली असती तर सर भांडले असते. तिला शंकाच नव्हती. आता कुणाशी भांडणार?

“उद्या आणतो,” सर म्हणाले.

सकाळी सरांनी पूजा केली. कागद काढला. धडधाकट कागद. समोर उदबत्ती जळत होती... मंडळी, विद्वान माणूस, नातवंडांचा आजोबा, त्याने ती उदबत्ती उचलली आणि देवासमोर त्या ओळीवर भोकं पाडली. एक, दोन, पाच. उदबत्ती परत देवापुढे खोचली. ओळ संपली होती.

शाळेत सुमनने कागद प्रकाशाला धरला. भिंग लावलं. मग भिंग बाजूला ठेवलं आणि कागद नाकाशी नेला. कसरीची वाट वाकडीतिकडी असते, तिची कड करपत नाही — हे तिला कुणी शिकवलं होतं? सरांनीच.

ती हळूच म्हणाली, फक्त त्यांनाच ऐकू जाईल असं, “सर, याला चंदनाचा वास येतोय.”

बस. एवढंच. आरडाओरडा नाही. तिने कागद घडी करून त्यांच्यापुढे ठेवला आणि मान खाली घातली. लाज वाटायला हवी होती सरांना, वाटत होती तिला!

मग सर उठले. शाल काढून खुर्चीवर टाकली. माईक नको म्हणाले. ती ओळ तोंडपाठ म्हणून दाखवली, एकदा, दोनदा. “ही ओळ होती. काल रात्रीपर्यंत होती. आज सकाळी मी जाळली.”



हिलाल अण्णा म्हणाले, “सर, पुस्तकात कसर म्हणून कुणी लिहिलं?”

“मी.”

“आणि आता ओळ होती म्हणताय, तेही तुम्हीच. मग गावाने कोणता भामरे खरा धरायचा?”

सरांनी कागदाकडे बोट दाखवलं, तर कागदावर भोकं!

मागून कुणी म्हणालं, “सरांचं वय झालं.” लोक दयेने हसले. शिवी परवडली असती, मंडळी. ठराव कायम राहिला. सर दर सोमवारी तहसील कचेरीत प्रतिज्ञापत्र घेऊन बसतात. सुमन येते, शेजारच्या बाकावर बसते. बोलत नाही. पण येते.

मघाचा प्रश्न सुटला का? खोटं बोलणारा एकदा खोटा ठरतो. खरं झाकणाऱ्याचं खरंही पुढे कुणी घेत नाही, आणि त्यात वाळतो दुसऱ्याचा हरभरा. आता घरी गेलात की सरांना नावं ठेवू नका. वाटणीच्या वेळी बहिणीचं नाव कुणी गाळलं? देवळाच्या पाटीवर कोणत्या गवंड्यांची नावं राहून गेली? विचारलं तर म्हणता, जुनं कुणाला आठवतंय. मीही म्हणालोय. त्या मांडवात बुंदी खाऊन टाळ्या वाजवणाऱ्यांत मी होतो, आणि वस्तीतलं एकही माणूस पंगतीला नाही, हे मला दिसलं होतं.

आणि सरांचे सोमवार फुकट म्हणू नका : भिलांनी घातलेला तो बंधाराही पहिल्या दोन खेपांना पुरात वाहून गेला होता. तिसऱ्या खेपेला टिकला.