आजी हा संदर्भ नव्हे

अन् वरून मलेच म्हणे, संदर्भ द्या! अरे, कायचा संदर्भ? माह्या सख्ख्या मायचा? तुमाले सांगतो राजेहो, माणसानं काईबी करावं, उघड्या तारेले हात लावावा, पण इंटरनेटवरच्या त्या फुकटच्या ज्ञानकोशात इतिहास लिहाले जाऊ नये...

मी नजीर. दारव्ह्यात मोटरपंपाचं वायंडिंग करतो. करतो म्हणजे, करत होतो. विहिरीले पाणी नाई त पंप चालवते कोण, अन् चालवलाच नाई त जळते कायले? कापसाची पऱ्हाटी वाळली, जिनिंग बंद पडलं, टीव्हीवाले गाड्या घेऊन येत अन् माइक पुढं करून इचारत, ‘कसं वाटून राह्यलं?’ पयल्या वर्षी लोक सांगत. मंग नुसते पाहत. मलेबी एकानं इचारलं. काईच वाटत नोहतं, थेच सांगितलं. थे दाखवलं नाई त्यायनं.

बाजूले धर्मपालचं नेट कॅफे. थिथंबी गिऱ्हाईक नाई. दोन रिकामे माणसं एकत्र आले का पत्ते खेळतात, नाईत इतिहास लिहितात. आमच्याजवळ पत्ते नोहते!

आमच्या बावडखेडले पायऱ्याची दगडी विहीर हाय, पाटल्याची बावडी म्हणतात. धर्मपालनं तिच्यावर लेख लिहिला. पायऱ्या मोजल्या, फोटो टाकला, अन् म्हणे, ‘नजीरभाई, अम्मा सांगते थेबी टाकू.’ अम्मा म्हणजे माही माय, हुस्नाबी. नव्वदीची. सकाळी काय खाल्लं थे इसरे, पण हे तोंडपाठ! ‘दुर्गाडी का काल पडा था बेटा, लोगां झाड का पाला खाते थे. एक बाई ने अपने पाटल्या मोडे और बावडी खुदाई. नाम नै बताई किसी को.’ तिले तिच्या नानीनं सांगितलं, नानीले तिच्या नानीनं. अम्माचं एकच म्हणणं, ‘मैं जाने से पहले कहीं तो लिख के रख. मेरे बाद कौन बोलेगा?’ थेवढ्यासाठी लिहिलं, राजेहो. थेवढ्याचसाठी.

दुसऱ्या दिवशी पाहतो त मजकूर गायब! कोणी ‘हेमाद्री१२६०’ म्हणून होता, पुण्याकडचा. म्हणे, ‘बांधणी यादवकालीन आहे. कृपया दंतकथा घुसडू नयेत.’ किती अदबीनं हाणते पाहा! तासाभरानं दुसरा उठला, ‘बहमनी_बुरूज’. ‘कमान दिसत नाही का? बहमनी आहे, बहमनी!’ यानं लिहिलं का त्यानं उलटवलं, त्यानं लिहिलं का यानं उलटवलं... सकाळी यादव, दुपारी बहमनी, चाच्या टायमाले पुन्हा यादव! अरे, तुमाले घरीदारी कामं नाईत का बाप्पा? दोघांतला एकबी कधी बावडखेडले आला नाई, अन् त्या बावडीत तवा पाणी नोहतं, बकऱ्या बसत. मंग प्रचालक आला. प्रचालक म्हणजे थिथला पंच. त्यानं पानाले कुलूपच लावलं, अन् आमाले म्हणे, ‘छापील संदर्भ द्या.’ धर्मपालनं चर्चेच्या पानावर टाइप केलं, ‘नव्वद वर्षांच्या हुस्नाबी सांगतात ना!’ उत्तर आलं, ‘आजी हा संदर्भ नव्हे.’

म्या म्हटलं, बरं.

छापील पाह्यजे ना? पंजाबरावचं साप्ताहिक हाय, थिथं गेलो. पंजाबराव म्हणे, ‘पयल्या पानावर जागा नाई नजीरभाई, थिथं या हप्त्यात कोण गेलं थे रायते. तिसऱ्यावर टाकतो.’ म्या म्हटलं, बरं. धर्मपालनं गोल गोल अक्षरात वाक्य लिहून देल्लं, ‘हुस्नाबी सांगतात, की एका बाईनं दुर्गाडीच्या दुष्काळात, सन १३९६ मध्ये, पाटल्या मोडून बावडी बांधली.’ आता याच्यात काय चुकाचं? पण पंजाबरावच्या ऑपरेटरले ओळ बसत नोहती! त्यानं मधले तीन शब्द उडवले. ‘सांगतात’, ‘की’, ‘एका’. बस, तीनच! अन् छापून आलं, ‘हुस्नाबी बाईनं दुर्गाडीच्या दुष्काळात, सन १३९६ मध्ये, पाटल्या मोडून बावडी बांधली.’

छापील! संदर्भ! आमी कपाळाले हात लावून बसलो, अन् थिकडे कुलूप निंघालं का कोणी तरी अंक शोधून, तारखेसगट लेखाले जोडला! दोघं पुन्हा भिडले. हेमाद्री म्हणे, ‘मूळ नाव हंसाबाई असावे, यादव सरदाराची लेक.’ बुरूज म्हणे, ‘छे! बहमनी सुभेदाराची बेगम.’ म्या धर्मपालले म्हटलं, लिही, मोठ्या अक्षरात लिही, अरे थे माही माय हाय, घरी खाटेवर बसून तूर निवडून राह्यली! प्रचालक म्हणे, ‘आपल्या नातेवाइकांविषयी लिहू नये. संदर्भ असलेला मजकूर काढू नये. ती जिवंत असल्याचा संदर्भ द्या.’ अन् धर्मपालले आठ दिवसाची लिहाची बंदी!

अम्माले सांगितलं त खाट हालेलोक हासली. ‘मेरे पाटल्या तो तेरे अब्बा ने मोडे रे, वायंडिंग का मशीन लाने कू!’ मंग तुरीचं सूप बाजूले ठेवलं. ‘लेकिन बेटा, उस बाई ने अपना नाम नै बताया था. तुमने मेरा लगा दिए. अच्छा नै किए. निकाल दे.’

निंघालं नाई, राजेहो. पंजाबराव म्हणे, दुरुस्ती पुढच्या अंकात. पुढचा अंक आला, त्याच्याबी पुढचा आला... पयलं पान भरून, तिसरंबी भरून. अन् त्या उन्हाळ्यात अम्मा गेली. दफन करून आलो अन् दुकानात येऊन बसलो. वाटलं, आता रडू येईन. वाट पाह्यली. नाई आलं. टीव्हीवाला इचारे तवा जसं होतं, तसंच. धर्मपालनं चा सांगतला, अन् उगाच काई तरी करावं म्हणून टाइप केलं, ‘हुस्नाबी काल वारल्या.’ दोन मिनिटांत उत्तर आलं, ‘संदर्भ द्या.’

म्या म्हटलं, बरं.

गेलो ग्रामपंचायतीत, मरणाचा दाखला मागाले. ग्रामसेवक नवा, कागदाशिवाय माणसाकडे पाहत नाई. ‘नाव?’ हुस्नाबी. ‘रेशनकार्डावर त हसीनाबी हाय.’ हो. ‘मतदार यादीत उसनाबाई.’ हो. ‘मंग मेलं नेमकं कोण? नाव बरोबर छापलं असा एखादा कागद हाय का?’

आता नाव बरोबर छापलं असा कागद साऱ्या जगात एकच होता! खिशातून पंजाबरावचं कात्रण काढलं अन् टेबलावर ठेवलं. त्यानं चष्मा लावला. वाचलं. ‘सन १३९६’वर बोट ठेवलं. पुन्हा वाचलं. चेहऱ्यावरची रेघ हालली नाई, राजेहो, अल्लाची कसम!

‘नजीरभाई,’ म्हणे, ‘नोंद एकवीस दिवसांत करावी लागते. तुमाले त सहाशे वर्सं उशीर झाला. हा घ्या फॉर्म. विलंबाचं कारण लिहा.’

म्या म्हटलं, बरं. अन् लिहिलं, ‘छापील संदर्भ भेटत नोहता.’