काचेमागचा हत्ती

लहान मुलांना नवी पुस्तकं वाटायची म्हणताय ना, मग आधी माझं ऐका. गेल्या जूनमध्ये मी मुरगूडजवळच्या एका अंगणवाडीला चित्रांची वीस पुस्तकं दिली. पानभर चित्र आणि खाली एखादंच वाक्य. दिवाळीनंतर सहज डोकावलो, तर वीसच्या वीस काचेच्या कपाटात उभी आणि कपाटाला कुलूप.

अंगणवाडीच्या ताईंना विचारलं, "पोरांनी बघितली का?"

"बघत्यात की रोज, काचंतनं! एक पान दुमडलं न्हाय अजून. तपासणीला साहेब आलं तर फाटकी दाखवू व्हय?"

"फाटू देत. मी दुसरी आणून देतो."

अर्धा तास विनवण्या केल्या, तेव्हा कुठं किल्ली निघाली. कपाटाला नाक लावून चारएक वर्षांची एक मुलगी उभी होती. तिच्या नाकासमोरचंच हत्तीचं पुस्तक काढून मी तिच्यापुढं धरलं. "घे बाळ, उघड. आत हत्ती काय करतोय बघ."

तिनं दोन्ही हात पाठीमागं नेले. "नगं. फाटंल."

"फाटू दे गं."

ती दोन पावलं मागं सरकली आणि ताईंकडं बघत रडायलाच लागली.

ताईंनी तिला उचलून कडेवर घेतलं आणि कौतुकानं मला म्हणाल्या, "बघितलासा दादा? एक फटका द्यावा लागला न्हाय हिला. कसं वळण लागलंय!"