पाचर धरणारा

तिथं नका टेकू, ड्रायव्हरसाहेब, ती थप्पी ओली आहे — ओली म्हणजे भिजलेली नव्हे हो, आतून ओली, दोन महिन्यांपूर्वी फोडलेली, अजून सरकतेय, अंगावर यायची. इकडे या, या ओंडक्यावर बसा. धाकट्याला वेळ लागणार अजून. भाऊच तो माझा, पाठचा. एका हाताने सामान बांधायचं म्हणजे लागणारच की वेळ. मदत? गेलो होतो मी मदतीला, त्याने दार लोटून घेतलं. असू दे. तोवर लाकडं बघा ना. वखारीत आलात आणि नुसतं आपल्या टेम्पोचं चाक बघत उभे राहिलात, असं कसं?

ही निलगिरी. ही पाडल्या पाडल्या फोडायची — दोन घावांत सरळ उभी फाटते. वाळू दिली की संपलं, मग कुऱ्हाडच परत तुमच्याकडे पाठवते. आंबा बिचारा गरीब, कुणीही फोडावा, सहा महिन्यांत वाळतो, पण हयगय केलीत तर गिऱ्हाइकाच्या आधी किडा येतो. बाभळीला वर्ष द्या, मग बघा निखारा. वाळली हे कसं ओळखायचं? घ्या, दोन ढलप्या घ्या, आपटा एकमेकींवर — आपटा हो, लाजता काय — टण्ण वाजलं ना? आता ही ओली वाजवा. बद्द! धाकट्याला आपटायलाही लागत नाही, नुसती उचलून सांगतो. आणि रचाई बघितलीत? खाली दगड, वर आडवी-उभी लाकडं, मधून वारं खेळायला जागा, डोक्यावर पत्रा पण बाजू उघड्या. सगळी त्याची. मी फोडतो, तो रचतो, डाव्या हाताने — रचायचा. आजपासून मीच की आता.

आणि ही चिंच. हिच्यापासून लांब राहा. हिचे रेषे सरळ जातच नाहीत, एकमेकांत गुंतलेले. कुऱ्हाडीचं कामच नाही. लोखंडी पाचर लागते आणि माणसं दोन. एकाने पाचर धरायची, दुसऱ्याने घणाच्या हलक्या टोल्यांनी ती बसवायची. बसली की धरणारा हात काढतो आणि म्हणतो, ‘हं’ — मग पुरा घाव. ‘हं’ आल्याशिवाय घण खांद्यावर घ्यायचासुद्धा नाही. वडिलांनी आम्हाला दुसरं काही शिकवलं नसेल, हे शिकवलं. — हो, त्यातच गेली बोटं. उजव्या हाताची तीन. चौदा महिने झाले. घण दांड्यातून निसटला. म्हणजे दवाखान्यात त्यानेच तसं सांगितलं. मी शेजारीच उभा होतो. मी मान डोलावली.

आता तुम्ही परका माणूस, तुमच्यापासून काय लपवायचं — दांडा पक्का होता हो. अजून तोच आहे, तो बघा भिंतीशी, हलवून बघा. त्या दिवशी हा वाकला, पाचर धरली आणि खालूनच म्हणाला, दादा, मला पॅकिंगच्या कारखान्यात काम लागलंय, एक तारखेपासून. म्हटलं, आणि इथलं? तर म्हणे, तू एखादा माणूस बघ. माणूस बघ! वीस वर्षं याने पाचर धरली, मी घण मारला, आणि माणूस बघ! — त्याला मारायचं नव्हतं हो मला. चिंचेला मारायचं होतं. मी फक्त थांबलो नाही. ‘हं’साठी थांबलो नाही, एवढंच. एवढंच म्हणतोय मी, ऐकताय ना?

कारखानावाले मग कशाला घेतायत. राहिला इथेच. आणि — हे बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही मी — पट्टी बांधून तो या दारातून परत आत आला ना, तेव्हा मला बरं वाटलं. बरं वाटलं! म्हटलं, चला, आता कुठे जात नाही हा. असा भाऊ बघितलाय कुठे? मान खाली नका घालू, बघा माझ्याकडे.

तर आता सासुरवाडीला चाललाय, मेव्हण्याच्या दुकानात बसायला. बायकोला आधीच पाठवलंय. तुम्ही चार तास त्याच्याबरोबर असाल. रस्त्यात म्हणाल का त्याला? म्हणाल, दादा म्हणत होता की — काय म्हणत होता? त्याला ठाऊकच आहे सगळं, त्याच्याच हातावर पडला ना घाव! ठाऊक असून रोज माझी लाकडं रचली त्याने. दवाखान्यात खोटं बोलला तो माझ्यासाठी, आणि मी रोज म्हणतोय, उद्या बोलू, जेवण झाल्यावर बोलू, आज त्याचा हात दुखतोय, आज नको. चौदा महिने, साहेब! नको, तुम्ही काही बोलू नका. तुमच्या तोंडून कशाला? मीच बोलतो. आत्ताच, तो बाहेर आला की पहिलं वाक्य तेच—

आलास? — काही नाही रे, यांना चिंचेचं सांगत होतो, वाळायला दोन वर्षं लागतात म्हणून. दे, ट्रंक दे इकडे — बरं. बरं, राहू दे. धरा हो ड्रायव्हरसाहेब, ती दुसरी कडी तुम्ही धरा. मघापासून काय कान देऊन बसलात माझ्यापुढे? ऊन चढतंय. निघा.