शोकेसमधला कार्बुरेटर

...पाणी सहाला येतं आणि साडेसहाला जातं. मागच्या रविवारी मी ते भरून घेतलं, भिजलेले वाटाणे उपसले, केर काढला, तुळशीला तांब्याभर पाणी घातलं, आणि यांच्या जुन्या बनियनची दोन फडकी पिशवीत टाकून मंडळाच्या खोलीवर आले. आजच्या समारंभासाठी शोकेसची काच पुसायची होती.

अध्यक्ष खूण करताहेत. हो, रीत राहिली.

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय नंदकुमारभाऊ, पुण्याहून स्वतः मोटरसायकल चालवत आलेल्या प्रमुख पाहुण्या रेवतीताई, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आपले मेकॅनिक सीतारामभाऊ, त्यांच्या सौभाग्यवती द्रौपदीवहिनी, आणि अंधेरीपासून बोरिवलीपर्यंतच्या खोदलेल्या रस्त्यांतून वाट काढत आलेल्या सह्यवाट दुचाकी मंडळाच्या सर्व सभासदांनो. मी वनमाला. आपले दिवंगत सभासद सहदेव, त्यांची पत्नी. नंदकुमारभाऊ मला म्हणाले, "वहिनी, दोन गोड शब्द बोला." आधी गोड बोलते.

सीतारामभाऊंचं जोगेश्वरीचं गॅरेज बावीस वर्षं चाललं. आता ते बंद करून ते कुडाळकडे गावी निघालेत. त्यांनी आमच्या गाडीचा नट कधी सैल ठेवला नाही. हे गेले त्या दिवशी गॅरेजचं शटर ओढून पहिले धावत आले ते सीतारामभाऊच. खांदाही त्यांनी दिला. हे मी विसरलेले नाही. म्हणूनच पुढचं बोलायला मला जास्त जड जातंय.

सभागृहात घरची माणसंही बसली आहेत, त्यांच्यासाठी थोडं सांगते. आमची गाडी डांबरावर चालते तशी दगडधोंड्यांतूनही चालते. बारा वर्षं जुनी, उंच. तिच्या इंजिनाला हवा आणि पेट्रोल मोजून पाजणारी जी वस्तू, ती कार्बुरेटर. कंपनीनं दिलेल्याचं तोंड सव्वीस मिलिमीटरचं. दगडांतून हळू चढताना गाडी गुदमरते, म्हणून यांनी अठ्ठावीसचा आणून बसवला. बाहेरून दोन्ही जुळे भाऊ. बसवून झाला, आकडे डायरीत लिहून झाले: मेन जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं पितळी छिद्र, एकशे पंचवीस, सुई तिसऱ्या खाचेत, हवेचा स्क्रू अडीच आटे. स्क्रू हलला तर कळावं म्हणून माझ्या मरून नेलपॉलिशचा एक ठिपका त्याच्यावर दिला. मी म्हटलं, "माझ्या नखांना कधी लावलंत का?" तर म्हणाले, "तुझी नखं हलत नाहीत गं." चढावर नेऊन तपासायचं तेवढं राहिलं. सोळाव्या दिवशी हे गेले.

मी दहावी पास. स्कूटर वीस वर्षं चालवली, ही गाडी यांनी आरेच्या रस्त्यावर शिकवली. कार्बुरेटरचं इंग्रजी पुस्तक मी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलं, तीनदा. दिवसकार्य उरकल्यावर मंडळानं प्रेमानं गाडी नेली, सर्व्हिसिंग करून आणून दिली. सर्व्हिसिंगमध्ये बदललेले आकडे मी डायरीप्रमाणे परत लावले आणि यांचं राहिलेलं काम पुरं करायला बसले. अर्ध्या तासाची फेरी मारायची, प्लग काढून रंग बघायचा. बेताचा भाजलेला रवा दिसतो तसा रंग आला तर जमलं. पांढरा आला तर पेट्रोल कमी, काळा आला तर जास्त.

माझा काळा आला. काजळी बोटाला लागावी असा काळा.

दर शनिवारी मी तो प्लग घेऊन गॅरेजमध्ये जायची. सीतारामभाऊ तो ब्रशनं घासून द्यायचे आणि म्हणायचे, "वयनी, भाऊंचे आकडे कागदार बरे." मंडळातले कोणी म्हणायचे, "काकू, ही काय पुरणपोळी आहे का, वासावरून कळायला?" मीही हसायची. जेटचा आकडा उतरवत गेले. एकशे बावीस, एकशे वीस, एकशे सतरा. जसजशी खाली आले तसतशी गाडी सुधारत गेली. कंपनीच्या मूळ आकड्यावर आले तेव्हा अगदी शहाण्यासारखी चालायला लागली. स्क्रूवरचा ठिपका पेट्रोलनं गेला असेल असं मी धरून चालले.

तेव्हा मी डायरीत, यांच्या अक्षराखाली, पेन्सिलीनं लिहिलं: चूक. प्रत्येक आकड्याखाली. आणि फोटोसमोर उभी राहून म्हटलं, "शेवटचं काम मात्र तुमचं फसलं हो."

आता त्या रविवारकडे येते. शोकेसमध्ये यांच्या स्मृतीसाठी एक कार्बुरेटर ठेवलाय, तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. "गॅरेजमधला जुना निकामी नमुना आहे, आठवण म्हणून," असं मला सांगितलं होतं. वर्षश्राद्धाला मीच त्याला हार घातला. त्या दिवशी काच आतून पुसावी म्हणून तो बाहेर काढला, उलटा केला. स्क्रूवर मरून ठिपका.

तो पिशवीत घालून मी तडक गॅरेजवर गेले. सीतारामभाऊ खोकी बांधत होते.

"हा काय आहे?"

"वयनी, तुमका कोणी सांगितल्यान?"

"माझ्याच नेलपॉलिशनं."

खाली बसले. म्हणाले, "भाऊ गेले, तुमी येकट्या. गाडी आदीच उंच, त्यात जोर वाढलेलो. उद्या काय झाला असता तर? आपले अध्यक्ष नंदूशेट म्हणाले, जुनो बसव, वयनींका कळाचा नाय."

"आणि सात महिने माझा काळा प्लग घासून देत होतात, तेव्हा?"

"माका वाटला, कंटाळून गाडी विकशात."

ऐकलंत? सव्वीसच्या कार्बुरेटरला अठ्ठावीसचे आकडे लावत मी सात महिने बसले होते. काळा येईल नाही तर काय! मला काळजीपोटी फसवलंत, तेही एक वेळ गिळलं असतं. पण मेलेल्या माणसाचे आकडे खोटे पडताना तुम्ही समोर उभे राहून बघत होतात. जो माणूस आता उठून "माझं बरोबर होतं" असं म्हणू शकत नाही, त्याला मी, त्याच्या बायकोनं, त्याच्याच डायरीत चूक ठरवलं. हे कुणी भरून द्यायचं? माझ्याकडे येऊन "वहिनी, भीती वाटते, जुनाच राहू दे," असं एक वाक्य बोलायला काय झालं होतं? मी भांडले असते. भांडण तरी माझं झालं असतं!

नंदकुमारभाऊ, काल फोनवर आपण म्हणालात, "सोडा ना वहिनी, उगाच कार्यक्रमाची वाट लागेल." लागू दे. आपल्या मंडळात बायकांनी चहाचे कप मोजायचे आणि वर्षातून एकदा मागे बसून माथेरानच्या पायथ्यापर्यंत जायचं, हे मी तीस वर्षं निमूट पाहिलं. माझ्या गाडीतला भाग मला न विचारता काढून, त्याला काचेत बसवून, त्यालाच हार घालायला मला बोलावलंत. याला श्रद्धांजली म्हणतात का? मला तर ही घरफोडी वाटते.

रेवतीताई, आपली क्षमा मागते. मघाशी आपण शोकेसमध्ये ज्याला फुलं वाहिलीत तो कंपनीचा सव्वीसचा आहे. काल मीच पुसून ठेवला. खोलीची किल्ली माझ्याकडे असते. ही मी इथे टेबलावर ठेवते. यापुढे काच दुसऱ्या कुणीतरी पुसावी.

सीतारामभाऊ, तुमच्यासाठी डबा आणलाय, वाटेत खा. तुमच्या हातावर माझा विश्वास होता आणि आहे. तोंडावरचा गेला. गावी सुखानं राहा. द्रौपदीवहिनी, तुम्हीही.

मंडळानं बोलू दिलं, आपण सर्वांनी न उठता ऐकलंत, याबद्दल आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल तर पदरात घ्या. जे घडलं ते सांगितलं म्हणून मात्र माफी मागत नाही. आणखी एवढंच.

रविवारी हे कळलं. दुसऱ्या दिवशी मी अठ्ठावीसचा बसवला, एकशे पंचवीसचा जेट घातला, सुई तिसऱ्या खाचेत लावली, स्क्रू अडीच आटे. घोडबंदरला गायमुखचा चढ चौथ्या गिअरमध्ये चढले, वर कडेला थांबून इंजिन निवू दिलं, प्लग काढून पाहिला, आणि डायरीत तारीख घालून आकडे यांचेच ठेवले.